बापूसो मगदुमांचं बोलणं

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात बापूसो मगदुमांनी उभी हयात गादीवर बसून काढली. गादीवर बसले म्हणजे मालक नव्हते, विकायला बसायचे. गिऱ्हाईक पायरी चढलं की "या वैनी, आधी पाणी घ्या" इथून जे सुरू व्हायचं ते पिशवी हातात पडेपर्यंत. साडीचा पदर ते स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवत. भरघोस मिशांचा, टोपी घातलेला माणूस खांद्यावर जरीचा पदर घेऊन उभा राहिला की लाजऱ्या नवरीलाही हसू फुटायचं. हसू फुटलं की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

साड्या उलगडता उलगडता ते जगाबद्दल बोलत. यंदा उसाला काय मिळणार, पंचगंगा पात्राबाहेर येणार का, दिल्लीत कोण पडणार, अमेरिकेचं काय चुकलं. कागलहून आलेल्या बाईला कागलचं राजकारण आणि हुपरीच्या बाईला चांदीचा भाव. कुणाशी काय बोलायचं हे त्यांना बरोबर समजे. दुकानातून मोकळे झाल्यावरही बोलणं थांबलं नाही, फक्त जागा बदलली. फुलेवाडीच्या अलीकडे त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथून सकाळी चालत रंकाळ्यावर जायचं, बाळासो आणि इतर मित्रांबरोबर कट्ट्यावर बसायचं आणि परत येऊन खुर्चीत बसून पेपर मोठ्यानं वाचायचा, अशी त्यांची रीत होती.

पेपर वाचायचा तो अरुणासाठी, म्हणजे बायकोसाठी. ती स्वयंपाकघरात असायची. तिनं आयुष्यात कधी पेपर हातात धरला नाही, कारण गरज पडली नाही. सगळं जग तिच्यापर्यंत नवऱ्याच्या तोंडून यायचं, तेही मीठमसाला लावून. ती निम्मं ऐके, निम्मं कुकरच्या शिट्टीत जाई. अधूनमधून "व्हय का?" म्हटलं की बापूसोंना पुरे. नांदणीच्या मठातली हत्तीण गुजरातला नेली तेव्हा मात्र तिनं कुकर बंद करून सगळं ऐकलं होतं आणि पदरानं डोळे पुसले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. हायकोर्टाचं बेंच कोल्हापुरात सुरू झालं होतं आणि पेपर त्याच बातम्यांनी भरलेला होता. बापूसो खुशीत होते. स्वतःचा एकही खटला नसताना आपलीच केस निकालात निघाल्यासारखे ते वाचत होते.

"अरुणा, आता तारखेला मुंबई न्हाय. सकाळी जेवून जायाचं, दुपारच्याला घरात. सगळी चिंच इथंच."

"चिंच?" अरुणानं आतून विचारलं.

"चिंच," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "चिंच. चिंच."

थट्टा असेल असं वाटून ती हसतच बाहेर आली. पेपर त्यांच्या उजव्या हातातून घसरत चालला होता आणि चेहऱ्यावर भीती होती. आपण काहीतरी भलतंच बोललो हे त्यांना कळलं होतं आणि तरी तोंडातून पुन्हा तेच येत होतं.

खालच्या मजल्यावरच्या शालूबाईंनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात नेलं. मुलगा अनेकांत पुण्याहून संध्याकाळपर्यंत आला. पक्षाघाताचा झटका होता. काही दिवसांत पाय सुधारला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. उजवा हात लुळा राहिला. बोलणं मात्र परत आलं नाही. डॉक्टरांनी अरुणाला समजावून सांगितलं की यांना ऐकू येतं, कळतंही बरंचसं, शब्दही आत आहेत, फक्त हवा तो शब्द हाताला लागत नाही. कधी लागेल, हे तिनं विचारलं. ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

घरी आल्यावर खरं काय ते कळू लागलं. बापूसोंना चहा हवा असला की ते म्हणत, "कुलूप." पंखा लावायचा असला तर "मंगळवार". अरुणानं मनाशी ठरवलं की ही एक नवी भाषा आहे असं समजायचं आणि शिकून घ्यायची. सासर बेळगावकडचं असतं तर कानडी शिकले असतेच की. पण भाषा शिकायची तर शब्द एका जागी राहायला हवेत. आज कुलूप म्हणजे चहा असला तर उद्या कुलूप म्हणजे चष्मा असे. ती एकेक वस्तू उचलून दाखवी, हे का, हे का, आणि चौथ्या-पाचव्या वस्तूला बापूसो कपाळाला डावा हात लावून गप्प बसत.

एक शिवी तेवढी स्वच्छ यायची. एवढ्या वर्षांत अरुणानं ती त्यांच्या तोंडून दोनदाच ऐकली असेल. आता हातातून काही पडलं, बटण लागलं नाही, की ती खणखणीत बाहेर पडे. स्पीच थेरपीला नेलं, तिथल्या तरुण मुलीनं सफरचंदाचं चित्र दाखवलं, हत्तीचं दाखवलं, आणि तिसऱ्या चित्राला बापूसोंनी तीच शिवी हासडली. मुलीनं हसून सोडून दिलं. अरुणाला मात्र तिच्याकडे बघवेना.

आणि एक दिवस पहाटे वेगळंच झालं. अरुणा दूध तापवत होती. बाहेरच्या खोलीतून णमोकार मंत्र ऐकू आला. अडखळ नाही, चूक नाही, पहिल्यासारखा भरदार आवाज. गॅस तसाच ठेवून ती धावत गेली. बापूसो कॉटवर बसून डोळे मिटून म्हणत होते. तिनं पुरा होऊ दिला. मग त्यांच्यासमोर बसून तिनं विचारलं, "अहो, चहा घेणार न्हवं?"

त्यांनी डोळे उघडले, आनंदानं मान हलवली आणि म्हणाले, "पायताण."

दूध उतू गेल्याचा वास आला तरी ती उठली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं. लहानपणापासून पाठ झालेलं वेगळ्या वाटेनं येतं. अरुणाला ती वेगळी वाट कळली नाही. तिला एवढंच कळलं की देवाशी त्यांना बोलता येतंय, माझ्याशी न्हाय.

घरातल्या बारीकसारीक गोष्टींनी तर तिला रडकुंडीला आणलं. गॅस संपत आला आणि लक्षात आलं की तो बापूसो मोबाइलवरून मागवत, कसा ते तिला ठाऊक नव्हतं. मोबाइल उघडायची खूण त्यांच्या बोटात होती, ते बोट आता हलत नव्हतं. डाव्या हाताचं बोट भलतीकडेच जाई. टाकीत पाणी चढवायची मोटर कुठल्या बटणावर, मिक्सरच्या भांड्याची रिंग कुठल्या दुकानातून आणायची, टीव्हीवर मराठी बातम्या एकदम गायब झाल्या तर फोन कुणाला करायचा, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस समोर बसून तिच्याकडे बघत होता. एकदा मोटर चालूच राहिली आणि पाणी जिन्यावरून शालूबाईंच्या दारात गेलं. बापूसो मघापासून छताकडे बोट करून "भोपळा, भोपळा" म्हणत होते. ती त्यांना म्हणाली होती, दुपारी भोपळ्याचीच भाजी करतो.

पेपर रोज येत होता. पहिले काही दिवस तो घडी न मोडता खुर्चीवर साठला. मग एका सकाळी बापूसोंनी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. अरुणानं चष्मा लावला आणि वाचायला लागली. सुरुवातीला शाळेतल्या पोरीसारखी, शब्दावर बोट ठेवून. जीएसटी कमी झाला, साबण, बिस्किटं, गाड्या स्वस्त होणार, असं आलं होतं. बापूसो पुढे सरकले. त्यांना या विषयावर पुष्कळ बोलायचं होतं. डावा हात हवेत फिरवत त्यांनी बोलायला सुरुवात केली. स्वर तोच होता, मधे थांबून मिशीवरून हात फिरवणंही तेच, शेवटी आवाज चढवून विचारलेला प्रश्नही होता. फक्त शब्दांची सगळी खिचडी. पत्रावळ, सोमवार, गंज, पत्रावळ. ऐकताना अरुणाला शेजारच्या खोलीत कुणीतरी मुद्देसूद भाषण करतंय आणि मधे भिंत आहे असं वाटलं.

"व्हय का?" ती म्हणाली.

इतकी वर्षं हे दोन शब्द पुरले होते. आता बापूसोंनी तिच्याकडे टक लावून बघितलं. तिला काही कळलेलं नाही हे त्यांना कळलं आणि ते मागे टेकून बसले.

दिवाळी जवळ आली. दरवर्षी दिवाळीचा बाजार बापूसो करत. लक्ष्मीपुरीतून डाळ, रवा, खोबरं, खसखस. पापाच्या तिकटीच्या चौकातून पणत्या. आणि सगळ्यात शेवटी, एकटे जाऊन, पाडव्याची साडी. ती साडी अरुणाला ओवाळणीच्या वेळीच दिसे. लग्नानंतर स्वतःची साडी तिनं स्वतः कधी निवडली नव्हती. त्याचं तिला दुःखही नव्हतं, कारण रंग कधी चुकला नव्हता. लग्नाकार्यात बायका विचारत, कुठनं घेतलीस, तेव्हा ती म्हणे, आमच्या घरातच दुकान हाय की.

अनेकांत फोनवर म्हणाला की आई, यंदा काही करू नकोस, फराळ मी विकतचा आणतो, साडी ऑनलाइन मागवतो, तू फक्त रंग सांग. तिला रंग सांगता येईना. शिवाय बापूसोंनी कॅलेंडरवरच्या दिवाळीच्या पानाकडे बोट दाखवून काठी आपटायला सुरुवात केली होती. त्यांना बाजारात जायचं होतं. शालूबाई म्हणाल्या, न्या की, माणसांत गेलं की बरं वाटतं. म्हणून अरुणा त्यांना रिक्षातून घेऊन निघाली.

लक्ष्मीपुरीत किराणा दुकानदारानं ओळखलं. "काय बापूसो, लई दिवसांनी," म्हणून त्यानं हात पुढे केला. बापूसोंनी डावा हात दिला आणि म्हणाले, "खिळे." दुकानदार म्हणाला, खिळे पलीकडच्या गल्लीत मिळतील. अरुणानं सारवासारव केली. तिला पोहे हवे होते. नेहमीचे द्या, असं म्हणाल्यावर त्यानं विचारलं, नेहमीचे म्हणजे कुठले, बापूसो दरवर्षी चार पोत्यांतले हातात घेऊन बघत आणि मग ठरवत. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर पोहे घेतले, पण तळहात तिरपा झाला आणि पोहे रस्त्यावर सांडले. मागच्या माणसाचा पाय त्यावर पडला. तिनं पहिल्या पोत्यातले बांधून घेतले.

महाद्वार रोडला गर्दी मावत नव्हती. रिक्षा अलीकडेच सोडावी लागली. आकाशकंदील, रांगोळ्या, उटणं, फटाक्यांची चिठ्ठी धरून बापामागे लागलेली पोरं, स्पीकरवरच्या ऑफरा. तिनं त्यांचा दंड घट्ट धरला होता. दुकान आलं तसे बापूसो ताठ झाले. पायरी ते काठीशिवाय चढले.

दुकान बदललं होतं. जुने मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता त्यांचा मुलगा विजयसिंह बघत होता. पुढच्या भागात काचेची काउंटरं आली होती आणि त्यामागे एकसारख्या कपड्यांतल्या मुली उभ्या होत्या. एक गादी तेवढी मागं शिल्लक होती. बापूसो थेट तिकडे गेले. अरुणानं काही म्हणायच्या आत त्यांनी चपला काढल्या आणि गादीवर चढून बसले, विकणाऱ्याच्या बाजूला.

समोर एक आई आणि तिची लग्नाची मुलगी बसली होती. त्यांना साड्या दाखवणारी मोना नावाची पोरगी गोंधळून बाजूला झाली. मालकांच्या नात्यातले कुणी असतील असं तिला वाटलं. बापूसोंनी कपाटाकडे नीट बघितलं, डाव्या हातानं एक साडी ओढली आणि घडी मोडली. मोरपंखी इरकल होतं. त्यांनी पदर उचलला, खांद्यावर टाकला आणि मुलीकडे बघून हसले. पदर घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला, कारण खालून धरायला दुसरा हात नव्हता.

"वैनी," ते म्हणाले. हा शब्द बरोबर आला. अरुणाच्या छातीत काहीतरी लकाकलं. "वैनी, ही बघा, ही... मीठ. ही मीठ हाय. मीठ."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. तिच्यात वाईट काही नव्हतं. मिशीवाला माणूस पदर घेऊन मीठ मीठ म्हणाल्यावर कुणीही हसलं असतं. बापूसोंना मात्र ते जुनं हसू वाटलं. ते खुलले. त्यांनी दुसरी साडी ओढली, तिसरी ओढली, ढीग होऊ लागला, आणि मीठ, मीठ करत त्यांचा आवाज चढला. काउंटरवरच्या बायका वळल्या. एकीनं मोबाइल वर धरला. अरुणानं जाऊन तो हात खाली केला.

विजयसिंह आला. माणूस चांगला. लहानपणी याच गादीवर बापूसोंच्या मांडीवर बसलेला. त्यानं वाकून त्यांच्या हातातली साडी हळूच सोडवली आणि म्हणाला, "काका, चला, आत चहा घेऊ. गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

खोळंबल्यात, या शब्दावर बापूसोंचा चेहरा उतरला. त्यांनी विजयसिंहाकडे बघितलं, समोरच्या मायलेकींकडे बघितलं आणि ती शिवी दिली. स्वच्छ, खणखणीत. दुकानभर ऐकू गेली.

विजयसिंहानं त्यांना हाताला धरून उतरवलं, चपला पायात सरकवल्या. अरुणा पुन्हा पुन्हा सांगत होती की त्यांच्या मनात तसं न्हाय, त्यांना बोलायचं वेगळं असतंय. विजयसिंह म्हणाला, काकू, मला माहीत हाय. पण त्याचे कान लाल झाले होते. रिकाम्या हातानं पायरी उतरणं तिला जड गेलं. तिनं काउंटरवर जी हाताशी होती ती साडी बांधायला सांगितली. रंग तिनं घरी आल्यावर बघितला. राणी कलर होता.

अनेकांत दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. दिवाळीच्या अमावास्येला, महावीरांच्या निर्वाणलाडूच्या पहाटे तो वडिलांना बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात घेऊन गेला. तिथं बापूसोंनी सगळ्यांबरोबर सगळं पाठ म्हटलं आणि शेजारी बसलेल्या बाळासोंनी अनेकांतला आनंदानं सांगितलं की बघ, सुधारले की. बाहेर आल्यावर बाळासोंनी बापूसोंना विचारलं, उद्या कट्ट्यावर येणार का? बापूसो बोलले ते ऐकून बाळासो खाली बघायला लागले. त्या दिवसापर्यंत एकदाही घरी का फिरकले नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही, अनेकांतनंही विचारलं नाही.

पाडव्याला पेपर नसतो. लक्ष्मीपूजनाची छापखान्याला सुट्टी असते. बापूसो नेहमीप्रमाणे दाराशी खुर्ची घेऊन बसले. अरुणानं सांगितलं, आज न्हाय येणार. त्यांनी मान हलवली आणि बसूनच राहिले. तिनं कालचा पेपर आणून दिला तर ढकलून दिला. पूर्वी दर पाडव्याला ते स्वतःच म्हणायचे, आज जगात काहीच घडलं न्हाय, सुट्टी हाय.

दहाच्या सुमारास तिनं पाट मांडला. बापूसोंना नवा सदरा घातला, टोपी घातली, ओवाळलं. आता ओवाळणी. तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. कपाटातून साडीचा बॉक्स आणून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा डावा हात त्याच्यावर टेकवला. "द्या मला," ती म्हणाली. अनेकांत मोबाइलवर फोटो काढायला उभा होता.

बापूसोंनी झाकण उघडलं. राणी रंगाच्या साडीवरून त्यांनी बोटं फिरवली. पोत बघितला, काठ उलटा करून बघितला. मग झाकण लावलं आणि बॉक्स बाजूला सारला.

"न्हाय," ते म्हणाले.

या खेपेला शब्द चुकला नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांवरून तिला समजलं. पण काय न्हाय? रंग न्हाय, की कापड हलकं म्हणून न्हाय, की त्या दुकानातलं नको, की दुसऱ्यानं आणलेलं आपल्या हातानं देणार न्हाय? तिनं एकेक करून विचारलं. प्रत्येकाला ते न्हाय म्हणाले आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अनेकांत म्हणाला, आई, पुरे आता. तिनं निरांजन उचलून देवापाशी नेलं.

जाताना अनेकांतनं पुण्याला चला म्हणून आग्रह केला. तिथं चांगले डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे. अरुणानं विचार करतो म्हणून सांगितलं. इथं निदान किराणावाला, रिक्षावाला, बस्तीतली माणसं बापूसो कोण होते ते ओळखतात. पुण्यात त्यांना पहिल्यापासून असंच बघतील. पण हे तिला मुलाला नीट सांगता आलं नाही. तो गेला.

त्यानंतर बापूसोंचं बोलणं कमी होत गेलं. शब्द बरे झाले नाहीत, ते बोलायचेच थांबले. चहा हवा असला तर कपाकडे बोट करतात. ती शिवीसुद्धा आता क्वचित येते. येते तेव्हा अरुणाला बरं वाटतं, हे ती शालूबाईंनाही सांगत नाही. एका सकाळी ती पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलबद्दल वाचत होती. त्यांनी हात पुढे करून पेपर हळूच मिटला आणि खिडकीकडे तोंड केलं. रागानं नव्हे. पुरे, असं.

आता ती मनात वाचते. सवय लागली ती लागली. दुपारी भांडी झाली की चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा पेपर ती वाचून काढते आणि मधेच तिच्या तोंडाशी काहीतरी येतं. परवा कारखाने उसाला आधी किती पैसे देणार त्या पहिल्या उचलीची बातमी होती. कारखानदारांचं हे चुकलंच, असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून तिनं वर बघितलं. बापूसो खिडकीत बसून रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघत होते. पाठ तिच्याकडे होती. तिनं चष्मा काढला आणि भाजीला जायचं होतं म्हणून पिशवी घेऊन उठली.